चॅनेलवाल्यांनी नाही म्हटल्यावर



गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या गटाची बैठक आटोपत आली होती. हप्ते जमा झाले, वहीत सह्या-अंगठे झाले, सचिवताईंनी पेटीला कुलूप घातलं. आता चहा यायचा तेवढ्यात गटातल्या सगळ्यांत थोरल्या काकूंनी सुनेचा विषय काढला. सून दुपारभर मोबाईल घेऊन बसते, म्हणून मुलाने तो काढून घेतला होता. सून कोपऱ्यात मान खाली घालून बसलेली. मी तिला विचारलं, काय बघत होतीस गं? ती हळूच म्हणाली, "ताई, ब्लाउज शिवायचं शिकत होते. त्याचे चाळीस भाग आहेत. मी मुंढ्यापर्यंत आले होते."

मुंढ्याचा भाग निम्मा बघून झाला आणि फोन गेला. कापड कापलेलं तसंच पडलंय.

काकू काही दुष्ट नाहीत, हे मी तुम्हाला आधीच सांगते. त्यांनी मला सरळ विचारलं, "मला एक सांग. हे मोबाईलमधलं करतं कोण? सरकार करतं का? टीव्हीवाले करतात? कोण माणूस हिला फुकटात चाळीस दिवस शिवण शिकवील?"

सख्यांनो, मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. त्यात राजे होते, तह होते, सनावळ्या होत्या. काकूंचा प्रश्न मात्र त्यातल्या एकाही पेपरात आला नव्हता. मी म्हटलं, काकू, महिन्याने सांगते. म्हणून आजचं हे बोलणं.

आधी टीव्ही कसा चालायचा ते आठवा. आपल्या लहानपणी दूरदर्शन होतं, मग केबल आली. मालिका लिहायची तर ती कुणाला तरी दाखवायची. त्याने हो म्हणायचं, पैसा लावायचा, वेळ द्यायची. तो नाही म्हणाला तर विषय संपला. म्हणजे मालिका बघणाऱ्या लाखो बाया, आणि कुठली मालिका होणार हे ठरवणारी चार-पाच माणसं. इंटरनेट आल्यावर हळूहळू लोकांच्या लक्षात आलं, की या चार-पाच जणांच्या दारात न जाताही गोष्ट सांगता येते.

असा पहिला मोठा प्रयत्न १९९५ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात झाला. त्याचं नाव 'द स्पॉट'. समुद्रकिनारी एका घरात काही तरुण पोरं-पोरी राहतात आणि रोजची डायरी लिहितात, असा तो मामला होता. तेव्हा इंटरनेट इतकं हळू होतं की व्हिडिओ चालायचा नाही, म्हणून बहुतेक मजकूर आणि फोटोच असायचे. वाचणारे त्यांना पत्रं पाठवून सल्ले द्यायचे, अमक्याशी बोल, तमक्याला सोड. दोनेक वर्षांत ते बंद पडलं.

मग आलं २००५ साल. यूट्यूब सुरू झालं. त्यावरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५चा आहे. यूट्यूब काढणाऱ्या तिघांपैकी एक जण प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा आहे आणि म्हणतोय, की यांच्या सोंडा फार लांब आहेत. वीस सेकंदसुद्धा नाहीत. मी तो मुद्दाम शोधून बघितला. आपल्या जत्रेत पोरं याहून बरं शूटिंग करतात. पण त्या वीस सेकंदांनी एक गोष्ट दाखवून दिली. कुणीही काहीही टाकू शकतं आणि ते जगात कुठूनही दिसतं. पुढच्याच वर्षी गूगलने ही कंपनी १६५ कोटी डॉलरला विकत घेतली.

कुणीही टाकू शकतं म्हटल्यावर फसवणूकही आलीच. २००६च्या उन्हाळ्यात यूट्यूबवर ब्री नावाची सोळा वर्षांची एक मुलगी दिसायला लागली. आपल्या खोलीत बसून कॅमेऱ्याशी बोलायची. आईबाप कडक आहेत, घरीच शिकवतात, एक मित्र आहे, असं सगळं सांगायची. लाखो लोकांनी तिच्यावर जीव लावला. सप्टेंबरमध्ये उघड झालं की ब्री अशी कुणी नाहीच. ती एक एकोणीस वर्षांची अभिनेत्री होती, तिच्यामागे लिहिणारे आणि दिग्दर्शन करणारे लोक होते, आणि ती खोलीही त्यांच्यातल्याच एकाची होती. काही लोक चिडले. काहींनी मात्र म्हटलं, ठीक आहे, गोष्ट तर चांगली आहे, पुढे काय होतं ते सांगा. ती मालिका त्यानंतरही जवळपास दोन वर्षं चालली.

मला स्वतःला हा प्रकार आवडला नाही. गोष्ट सांगताय तर गोष्ट आहे म्हणून सांगा की. पण काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. पडद्यावरचं माणूस घरातलं दिसतं, म्हणजे ते घरातलंच असतं असं नाही. "मी तुमच्यासारखीच साधी गृहिणी" म्हणत कुणी पावडर विकत असेल, तर ब्री आठवावी.

आता ज्या बाईसाठी मी हा सगळा विषय वाचत बसले, तिच्याकडे येते. तिचं नाव फेलिशिया डे. अमेरिकेतली नटी. छोट्यामोठ्या भूमिका मिळायच्या, पोट भरायचं. तिला कंप्युटरवर गेम खेळायचं व्यसन लागलं. जिथे हजारो लोक एकाच वेळी खेळतात, टोळ्या करून लढतात, तसा गेम. दिवसाचे दिवस त्यात जायचे. त्यातून बाहेर पडल्यावर तिने त्याच अनुभवावर एक गंमतीची मालिका लिहिली. सहा जणांची टोळी, कधी एकमेकांना भेटलेली नाही, फक्त खेळात ओळखतात, आणि एक दिवस प्रत्यक्ष समोरासमोर येतात. टीव्हीच्या धंद्यातल्या जाणत्या लोकांचं म्हणणं पडलं, की हे फारच थोड्या लोकांना कळेल.

इथे मजा ऐका. फेलिशिया बायकांच्या एका गटात होती. आपल्यासारखाच गट, फक्त पैशांची बचत नव्हती. दर आठवड्याला जमायच्या, मी अमुक काम करीन असं एकमेकींना सांगायच्या आणि पुढच्या आठवड्याला विचारायच्या, झालं का? लिहून संपव, लिहून संपव, असा तगादा त्या गटानेच लावला. त्याच गटात किम एव्ही नावाची बाई होती. तिने आधी इंटरनेटवर स्वतःची छोटी मालिका केलेली होती. ती म्हणाली, टीव्हीची वाट कशाला बघतेस, आपण इंटरनेटसाठी करू. गटातलीच तिसरी बाई दिग्दर्शनाला उभी राहिली. स्वतःच्या घरातच शूटिंग केलं. बरेच जण फुकट राबले. जुलै २००७ मध्ये पहिला भाग आला. मालिकेचं नाव 'द गिल्ड', म्हणजे टोळी किंवा संघ.

तीन भाग झाले आणि पैसे संपले. तेव्हा त्यांनी बघणाऱ्यांनाच हात पसरला. आवडलं असेल तर पाच-दहा डॉलर पाठवा. आणि लोकांनी पाठवले! पहिल्या पर्वाचे उरलेले भाग बघणाऱ्यांच्या वर्गणीवर झाले. आपल्याकडे तमाशाला, कीर्तनाला लोक ओवाळणी टाकतात, त्यातलाच प्रकार, फक्त इंटरनेटवरून. पुढे मोठ्या कंपन्या पैसे घेऊन आल्या. पण मालिकेची मालकी फेलिशियाने आपल्याकडेच ठेवली. सहा पर्वं झाली, २०१३ पर्यंत. ज्यांना कळणार नाही म्हणत होते, त्यांच्या नाकावर टिच्चून.

गटाने लावलेल्या तगाद्यातून ती मालिका उभी राहिली, हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "मग आपण फक्त हप्त्याचाच तगादा का लावतो?" सगळ्या हसल्या. मी त्यावर अजून विचार करतेय.

दुसरी बाई ईसा रे. काळी मुलगी, तीही अमेरिकेतलीच. टीव्हीवर काळ्या बायका दिसायच्या त्या ठरावीक साच्यातल्या. कुणी भांडखोर, कुणी फार सोसणारी. चारचौघांत बोलायला लाजणारी, चुकीच्या वेळी चुकीचं बोलून बसणारी, ऑफिसात कुढणारी अशी काळी मुलगी कुठेच नव्हती. ती स्वतः तशी होती. २०११च्या फेब्रुवारीत तिने मित्रमैत्रिणींना घेऊन तसली मालिका सुरू केली. मध्येच पैसे संपले. तिने लोकांकडे ३० हजार डॉलर मागितले आणि ५६ हजारांहून जास्त जमले, बहुतेक रकमा लहान लहान. २०१६ साली तिची मालिका अमेरिकेतल्या एका मोठ्या टीव्ही चॅनेलवर आली. म्हणजे ज्या दारातून तिला आत घेतलं नसतं, त्याच दाराने तिला बोलावून नेलं.

काकू म्हणाल्या, "सगळ्या गोऱ्या देशातल्या गोष्टी सांगतेस." बरोबर आहे त्यांचं. आता आपल्याकडची सांगते, आणि ती या सगळ्यांच्या आधीची आहे.

साल १९८४. अहमदाबाद. इला भट्ट यांची 'सेवा' संघटना तेव्हा बारा वर्षांची झाली होती. भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या, डोक्यावर ओझी वाहणाऱ्या बायकांची ती संघटना. अमेरिकेहून मार्था स्टुअर्ट नावाच्या बाई आल्या आणि तीन आठवड्यांचं शिबिर घेतलं. वीस जणी निवडल्या होत्या. वेगवेगळ्या जातीधर्माच्या, कुणी तरुण, कुणी म्हाताऱ्या, कित्येकींना वाचता येत नव्हतं. त्यांच्या हातात व्हिडिओ कॅमेरा दिला. त्या काळचा कॅमेरा म्हणजे आजच्या मोबाईलसारखा नव्हे हो, जड यंत्र, तारा, कॅसेटी. ज्या बायकांच्या घरात टीव्हीसुद्धा नव्हता, त्या शूटिंग करायला, आवाज घ्यायला शिकल्या.

त्यात लीलाबेन दातानिया होत्या. भाजी विकायच्या. अहमदाबादच्या माणेक चौकात भाजीवाल्यांचा बसायच्या जागेवरून महापालिकेशी झगडा होता. पोलीस हाकलायचे, टोपल्या जायच्या. या प्रश्नावर लीलाबेननी फिल्म केली. बातमीदार बाहेरून येऊन दोन प्रश्न विचारून जातो, आणि टोपलीमागे बसणारी बाई स्वतः कॅमेरा धरते, यात केवढा फरक आहे बघा. तिला माहीत असतं कुणाला काय विचारायचं, आणि समोरच्या बाया तिच्यापुढे लाजतही नाहीत. या फिल्म संघटनेच्या बायकांना दाखवायच्या, अधिकाऱ्यांपुढे लावायच्या. एका वस्तीतल्या बायकांनी काय केलं ते दुसऱ्या वस्तीने बघायचं. यूट्यूब यायला अजून एकवीस वर्षं होती.

तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूर आहे. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनीही असाच कॅमेरा हातात घेतला. बियाण्यांवर, ज्वारी-बाजरीवर, आपल्या शेतीवर फिल्म केल्या. २००८ साली त्यांनी स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं, संघम रेडिओ. आज मी तुमच्याशी ज्या प्रकारच्या रेडिओवरून बोलतेय, त्याच घराण्यातलं ते थोरलं भावंड.

आणि उत्तर प्रदेशात चित्रकूट जिल्ह्यात २००२ साली 'खबर लहरिया' सुरू झालं. आधी ते छापील वर्तमानपत्र होतं, बुंदेली बोलीत. चालवणाऱ्या सगळ्या बायका, त्यातल्या बऱ्याच दलित, काही नुकत्याच लिहायला शिकलेल्या. स्वतः बातमी आणायची, स्वतः गावोगाव विकायला जायचं. गावातले पुरुष म्हणायचे, ही कसली पत्रकार. चौदा-पंधरा वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, की लोक आता कागदापेक्षा फोन जास्त बघतात. मग त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सुरुवात केली. संस्थापकांपैकी कविता देवींचा तर स्वतःचा कार्यक्रमच आहे, 'द कविता शो'. गावच्या प्रश्नांवर थेट बोलतात. या बायकांवर केलेला माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या अंतिम यादीपर्यंत गेला होता.

आता आपल्या मराठी मुलखाकडे येऊ. इथे सगळं बदललं ते २०१६ नंतर. त्या सप्टेंबरात जिओ आलं, सुरुवातीचे महिने नेट फुकट होतं, आणि मग सगळ्यांचेच दर पडले. त्याआधी आपण एक व्हिडिओ बघायचा तर पॅक संपेल म्हणून जीव मुठीत धरायचो, आठवतंय ना? त्याच वर्षी भाडिपा, म्हणजे 'भारतीय डिजिटल पार्टी' हे मराठी चॅनेल सुरू झालं. आई आणि मुलातली रोजची जुगलबंदी त्यांनी दाखवली. टीव्हीतल्या मालिकेत सासू विष कालवत होती, आणि इथे आई फक्त "जेवलास का" विचारून मुलाला हैराण करत होती. माणसं ओळखीची वाटली. मग 'गावाकडच्या गोष्टी' आली, कोरी पाटी प्रॉडक्शनची. तिथे गाव म्हणजे शूटिंगपुरता लावलेला पडदा नव्हता. पारावरची पोरं, शेतातलं बोलणं, भावकीतले रुसवे, भाषा सातारी. आमच्या गटातल्या बायका टीव्हीची मालिका सोडून ते बघायला बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

स्वयंपाकाचं तर विचारूच नका. आंध्रात मस्तानम्मा नावाच्या आजी होत्या, वय शंभराच्या पुढे सांगायच्या. २०१६ मध्ये पणतूने त्यांचा शेतात चुलीवरचा स्वयंपाक फोनवर चढवला आणि जगभरची माणसं बघायला लागली. २०१८च्या डिसेंबरात त्या गेल्या. आपल्या नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, 'आपली आजी' नावाने तुम्ही ओळखता. नातवाने २०२० मध्ये त्यांचे व्हिडिओ सुरू केले. शाळा शिकलेल्या नाहीत, पण कारल्याची भाजी करून दाखवली आणि लाखो लोकांनी बघितली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कुणीतरी त्यांचं चॅनेल हॅक केलं, सगळं गेलं. काही दिवसांनी परत मिळालं म्हणून बरं. आजीला रडू आलं असणार. रानात उभं पीक कुणी रातोरात कापून न्यावं, तसंच ते.

काकूंना मात्र यातलं काही भिडलं नाही. "स्वयंपाक मला येतो," म्हणाल्या. त्यांना थांबवलं ते ओव्यांनी.

पुण्याचे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या गावागावांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजारावर गावं, तीन हजारांहून जास्त बाया. विचार करा, एवढ्या बायकांचं नाव-गाव लिहून ठेवलंय. आपल्या आईने गायलेली ओवी कुणी नावानिशी लिहून ठेवली असती तर! त्यातल्या पुष्कळशा आवाजात टिपल्या होत्या. पी. साईनाथ यांनी २०१४ साली ग्रामीण भारताबद्दलची एक वेबसाइट सुरू केली, तिचं नाव पारी. २०१७ पासून पारीने या ओव्या मालिकेसारख्या एकेक करून मांडायला घेतल्या. त्यांची माणसं जुन्या यादीवरून परत त्या गावांत गेली, मुळशीत, बीडकडे, परभणीकडे. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी ओव्या दिल्या होत्या त्या बायकांना शोधलं. काही हयात नव्हत्या. ज्या होत्या, त्यांचे फोटो घेतले, व्हिडिओ काढले, पुन्हा गायला लावलं.

मी माझ्या फोनवर परभणीकडची एक ओवी लावली. काकू कान देऊन ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "चाल निराळी आहे. आमच्यात अशी ओढत नाहीत." आणि त्यांनी म्हणून दाखवली. मी त्यांना तीस वर्षं, म्हणजे जन्मापासून ओळखते. त्यांना गाताना पहिल्यांदा ऐकलं.

तर काकूंच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: हे करणारी माणसं नाना तऱ्हेची आहेत. कुणी पैशासाठी करतं, जाहिरातीचा वाटा मिळतो. कुणी आपलं गाऱ्हाणं मांडायला करतं. कुणाला शिकवायची हौस असते. सलमान खान (नट नव्हे, गणित शिकवणारा) लांबच्या गावी असलेल्या चुलत बहिणीला गणित समजावायचा, तिच्यासारखी आणखी भावंडं मागायला लागली म्हणून २००६ मध्ये त्याने ते धडे यूट्यूबवर टाकले. त्यातून खान अकॅडमी उभी राहिली, आज मराठीतही धडे आहेत. पुण्याचे अरविंद गुप्ता काड्यापेटी, रबरी नळी, जुन्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी करून दाखवतात, तेही मराठीत सापडतं. तुमच्या पोरांना दाखवा.

मग चांगलं एवढं आहे तर आपल्या फोनवर भांडणं आणि थिल्लरपणाच का येतो? याचाही इतिहास आहे. सुरुवातीला यूट्यूब बघायचं की व्हिडिओ किती वेळा उघडला. मग लोक भडक चित्र लावून, खोटं नाव देऊन उघडायला लावायचे. २०१२ साली त्यांनी हिशोब बदलला. आता किती वेळ बघितलं ते मोजायला लागले. त्यामुळे फोन तुम्हाला तेच देतो ज्यावर तुम्ही, किंवा तुमच्या फोनवर कुणीही, जास्त वेळ थांबलं. आपल्या घरात फोन एकच. सकाळी नातू कार्टून बघतो, दुपारी दीर कुस्त्या बघतो, रात्री आणखी कोण काय बघतं ते देवाला ठाऊक. मग बाईने उघडला की ही सगळी मिसळ तिच्यापुढे येते आणि घरचे म्हणतात, बघा ही काय बघते!

म्हणून समोर येईल ते बघू नका, शोधा. यूट्यूबमध्ये भिंगाच्या खुणेवर बोट ठेवलं की शेजारी माइकची खूण येते. तिच्यावर दाबून मराठीत बोला. "ब्लाउज कटिंग भाग एक" म्हटलं तरी चालतं. व्हिडिओ आवडला तर खाली चॅनेलचं नाव असतं, त्यावर जा. तिथे प्लेलिस्ट म्हणून एक जागा असते, भाग ओळीने लावलेले असतात. पहिल्यापासून बघा. नको असलेल्या व्हिडिओशेजारी तीन टिंबं असतात, ती दाबून "नॉट इंटरेस्टेड" निवडा. असं आठवडाभर केलं की फोन सुधारायला लागतो. आणि सगळ्यांत जुना उपाय म्हणजे एकमेकींना सांगणं. आमच्या गटात आता बैठकीच्या शेवटी प्रत्येकीने एक चांगलं सांगायचं असं ठरलंय. गेल्या खेपेला एकीने कोंबड्यांच्या लसीकरणाचं सांगितलं, एकीने रांगोळीचं. एकीने भुताच्या मालिकेचं सांगितलं, तेही चालेल.

एक मात्र करा. खरंच उपयोगाचं असेल तर वहीत उतरवून ठेवा. इंटरनेटवरचं कायम राहतं असं म्हणतात, ते खरं नाही. स्वतंत्र मालिका करणाऱ्यांचं ब्लिप नावाचं एक मोठं ठिकाण होतं, २००५ मध्ये सुरू झालं, २०१५च्या ऑगस्टमध्ये बंद झालं. ज्यांनी आपले भाग दुसरीकडे ठेवले नव्हते, त्यांचे गेले. आपल्याकडे २९ जून २०२०ला टिकटॉक बंद झालं. ते का झालं, बरोबर की चूक, त्यात मी पडत नाही. पण त्यावर आपल्या खेड्यातल्या कितीतरी बाया होत्या, शेतात काम करता करता व्हिडिओ करायच्या. त्यांची कमाई, त्यांची ओळख एका रात्रीत संपली.

आता सुनेचं काय झालं ते सांगून थांबते. ओव्या ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी मुलाला सांगितलं, दुपारी दोन ते चार फोन हिच्याकडे राहील. मुलगा कुरकुरला. काकू म्हणाल्या, मीही बसणार आहे बघायला. त्या खरोखर बसल्या. मुंढ्याचा भाग दोघींनी तीनदा बघितला म्हणे. चाळीसातले सव्वीस भाग झालेत. पहिला ब्लाउज काकूंचाच शिवला. मुंढ्यात जरा काचतो, असं त्या बैठकीत सगळ्यांना सांगत होत्या, पण घालून आल्या होत्या तोच.